शेळीची स्त्रीबीजं प्रयोगशाळेत पिकवण्यावर पैसा घालावा का?

मृगजा (धागाकर्ती): माझं ठाम मत, घालावाच. पिकवणं म्हणजे कच्चं बीज शरीराबाहेर फलनासाठी तयार करणं. पण आपण चुकीच्या जागी घालतो. कत्तलखान्यातून अंडाशय आणायचे, त्यातल्या दोन ते सहा मिलिमीटरच्या पुटिकांमधून (द्रवाने भरलेल्या बारीक पिशव्यांमधून) स्त्रीबीजं काढायची, पोषक द्रवात ३८.५ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये साधारण २४ ते २७ तास ठेवायची. सगळी चर्चा त्या द्रवात काय मिसळायचं यावर: एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिऑल ही संप्रेरकं, नाहीतर सिस्टिअमाइन हे रसायन. अंडाशय ज्यात आणतो ते थर्मासमधलं कोमट सलाइन वाटेत गार झालं, की पुढचं सगळं वाया, हे मात्र कोणी बोलत नाही. मी पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा चांगल्या बीजाभोवती पेशींचे घट्ट थर होते, दुसऱ्या दिवशी तेच पिंजलेल्या कापसासारखे फुललेले. उशिरा आलेल्या खेपेत निम्मी बीजं उघडीबोडकी. आधी वाहतूक आणि निवड सुधारा, औषधं नंतर.

माणदेशी: ताई, वाहतूक सुधारून तरी काय? कत्तलखान्यातली शेळी कोणाची, तिची आई किती दूध देत होती, काही नोंद नाही. असल्या बीजातून जातिवंत करडू कसं मिळणार? उस्मानाबादी तशीही जुळी देते. आमच्याकडे पाच शेळ्या पाळणाऱ्या बाईला चांगला बोकड हवा आणि पीपीआर या शेळ्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाची लस वेळेवर हवी. एका टोचणीत किमान तीन वर्षं संरक्षण मिळतं. तो पैसा तिकडे वळवा.

मृगजा: लशीचं शंभर टक्के मान्य, ती आधी. नोंदीचा मुद्दाही खराच, त्या बीजांतून वंशसुधारणा होत नाही. पण हात त्यांच्यावरच बसतो. नंतर नोंद असलेल्या जिवंत शेळीच्या पोटातून दुर्बिणीने बीजं काढता येतात, तेव्हा एकेक बीज मोलाचं असतं. तिथे शिकायला जागा नसते.

रानपाखरू: माझा आक्षेप वेगळा आहे. 'पिकलं' हे कशावरून ठरवता? ध्रुवपिंड (बीज पिकताना बाहेर टाकलेली छोटी पेशी) बाहेर पडला, की केंद्रक तयार. पण बीजातला द्रव तयार नसेल, तर फलन होऊनही गर्भ ८ ते १६ पेशींवर अडकतो. पुटिकेबाहेर काढताक्षणी बीज आपोआप पुढे धावायला लागतं, कारण आतला ब्रेक सुटतो. त्याला काही तास थोपवून धरल्याशिवाय द्रवाला सवड मिळत नाही. मृगजा, थर्मास कितीही गरम ठेवा, हे अडेलच.

मृगजा: हे मी कमी लेखलं होतं, मान्य. पण थोपवण्याचा फायदा मिळायला बीज आधी निरोगी हवं. गारठलेल्या बीजाला थोपवून काय करणार?

माणदेशी: आणि हे करून शेतकऱ्याच्या गोठ्यात काय येतं, ते कोणी सांगेल का?

रानपाखरू: आज थेट काही नाही, उगाच आशा दाखवणार नाही. पण २०१२ मध्ये श्रीनगरला 'नूरी' ही पश्मिना शेळी क्लोन करून जन्मली. क्लोनिंगलाही पिकलेलं बीजच लागतं. पश्मिनासारख्या मोजक्या उरलेल्या वाणांसाठी ही कला आपल्याकडे असायलाच हवी.

माणदेशी: वाण वाचवायला ठीक. मग त्याच पैशाची मागणी त्याच नावाने करा. 'शेतकऱ्याचं उत्पन्न वाढेल' असं प्रस्तावात लिहू नका. गोठलेलं रेत आणि कृत्रिम रेतन गावात पोहोचलं, तर त्या बाईला पुढच्याच वेतात फरक दिसेल.