‘साफ विसरले’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

बीकेसीत ऑफिस आहे, साहेबांना फाइल पाठवायची साफ विसरले. ‘आय फरगॉट’ म्हटलं तर नुसतं विसरले एवढंच होतं, त्यातला ‘साफ’ कुठे येतो? रोजच्या बोलण्यात काय म्हणतात?

>> ताई, ‘साफ’ला अगदी तंतोतंत शब्द आहे, क्लीन. ‘आय क्लीन फरगॉट’. इथे क्लीन म्हणजे स्वच्छ नाही, पूर्णपणे, पार, जसं आपल्या ‘साफ विसरले’तल्या साफचा झाडलोटीशी काही संबंध नाही तसंच. पण हे जरा ब्रिटिश वळणाचं आणि घरगुती आहे, अमेरिकन लोक जास्त करून ‘आय टोटली फरगॉट’ म्हणतात. साहेबांसाठी मी तरी ‘इट कम्प्लीटली स्लिप्ड माय माइंड’ म्हणेन, कारण त्यात कर्ता मी नाही, ते काम आहे, आपण नाही का म्हणत ‘डोक्यातूनच गेलं’. फक्त आधी सॉरी म्हणा आणि फाइल कधी देताय ते लगेच सांगा, नाहीतर आपली चूक कामावर ढकलल्यासारखी वाटते.

‘इट वेंट राइट आउट ऑफ माय माइंड’ पण चालतं, पण तिथे ‘इट’च्या जागी ‘आय’ घातलात तर अर्थ होतो मला वेड लागलं! हे खरंच सांभाळा.

>> वरच्यात भर घालतो. आपण लोकलमध्ये छत्री ‘विसरतो’, म्हणून सगळे सर्रास ‘आय फरगॉट माय अम्ब्रेला इन द ट्रेन’ म्हणतात, पण कुठे राहिली ते सांगायचं असेल तर इंग्रजीत लेफ्ट वापरतात, ‘आय लेफ्ट माय अम्ब्रेला ऑन द ट्रेन’. नुसतं ‘आय फरगॉट माय अम्ब्रेला’ म्हटलं तर ऐकणारा बहुतेक समजणार की छत्री घरीच राहिली. दादरला उतरून स्टेशन मास्तरांकडे जायचं की घरी फोन करायचा, एवढा फरक पडतो.

>> आणि ‘आय फरगॉट टू कॉल’ म्हणजे फोन केलाच नाही, पण ‘आय फरगॉट कॉलिंग हिम’ म्हणजे केला होता आणि तेच आठवत नाही. हे दुसरं क्वचित ऐकू येतं, तुम्हाला टू वालंच लागणार.

>> इंटरव्ह्यूत ऐनवेळी काहीच आठवेना तर? ‘मी ब्लँक झालो’ म्हणतो ना आपण?

>> त्याला ‘माय माइंड वेंट ब्लँक’. ते वेगळं, तिथे गोष्ट माहीत असते, फक्त त्या क्षणी सुचत नाही. फाइलच्या बाबतीत ते वापरू नका.