अनुभव धागा : कुणासाठी तरी लांबचं पोहला असाल, तर इथे लिहा

मुंबई बंदरातला संक रॉक ते गेटवे हे पाच किलोमीटर मी दोनदा पोहले. पहिल्यांदा हौस म्हणून आणि दुसऱ्यांदा मावसबहीण ज्या डायलिसिस केंद्रात जायची, त्या केंद्रासाठी. समुद्र तोच होता, पण दुसऱ्या वेळची तयारी फार जड गेली, कारण तीन महिने मी लोकांकडे पैसे मागत होते. मला पोहता येत होतं, मागता येत नव्हतं.

सोसायटीतल्या चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या दारात उभी राहिले. "काकू, मी रविवारी पोहणार आहे, त्यासाठी..." एवढंच बोलले आणि घसा कोरडा पडला. काकू आत गेल्या, पाचशेची नोट घेऊन आल्या. म्हणाल्या, "आमचे हे दोन वर्षं डायलिसिसवर होते. तुला ठाऊक नसेल." खरंच ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं आम्ही एकाच जिन्याने ये-जा करतोय.

म्हणून हा धागा. खाडी, नदी, तलाव, परदेशातलं गार पाणी, काहीही चालेल. पोहणं अर्धवट राहिलं असेल तरी लिहा. पैसे कसे मागितलेत आणि होडीवर कोण होतं, हेही लिहा.

पुण्याहून, निवृत्त बँक कर्मचारी

माझं अर्धवट राहिलं, म्हणून मीच सुरुवात करतो.

धरमतर ते गेटवे, ३६ किलोमीटर. अंध मुलांच्या एका वसतिगृहासाठी. ओळखीच्यांना सांगितलं होतं, दर किलोमीटरला शंभर रुपये द्या. पोहायला मी गावच्या विहिरीत शिकलो, पाठीला डबा बांधून. समुद्राची ओळख पन्नाशीनंतरची. तरी दोन वर्षं सराव केला, सहा-सहा तास पाण्यात काढले.

रात्री दीडला उतरलो. भरती पूर्ण होऊन पाणी उतरायला लागलं की निघायचं, म्हणजे ओहोटी खाडीतून बाहेर काढते आणि पुढे बंदरात शिरताना सकाळची भरती गेटवेच्या दिशेने ढकलते. हिशेब चोख होता. काखेत, मानेला, मांड्यांना पेट्रोलियम जेली चोपडलेली. अंधारात हात पाण्यात घातला की बोटांभोवती निळसर ठिणग्या उठायच्या. होडीवरचा तांडेल म्हणाला, "पाजवा हाय." त्या तासाभरात मला कसलीही भीती वाटली नाही.

उजाडल्यावर उजवा खांदा धरला. दर पाऊण तासाला दोरीला बांधलेली बाटली यायची. होडीला हात लावायचा नाही, उताणं पडून प्यायचं. खारट पाण्याने जीभ एवढी सुजली होती की गूळपाण्याची चवही लागेना. वेग पडत गेला. दुपारी दीडच्या सुमारास गेटवेची कमान आणि ताजचा घुमट समोर स्पष्ट दिसत होता, तेव्हा भरती संपली आणि पाणी फिरलं. पाऊण तास हात मारले. डाव्या बाजूला नांगरलेलं एक जहाज होतं, ते जागचं हललं नाही. म्हणजे मीही हललो नव्हतो. निरीक्षकांनी थांबायला सांगितलं. ३३ किलोमीटर झाले होते. होडीत चढल्यावर मी रडलो, आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही.

नंतर एकेकाला फोन करून सांगितलं, तेहतीसच झाले, तेवढ्याचेच द्या. ४१ जणांपैकी एकानेही कापून दिले नाहीत. त्यात एक निवृत्त एसटी कंडक्टर होते. छत्तीसशे रुपये घरी आणून दिले. म्हणाले, "साहेब, आयुष्यभर सुट्ट्या पैशांचा हिशेब ठेवला. वरच्या तीनशेचा नाही ठेवायचा."

ठाण्याहून, सनदी लेखापाल

वरचं वाचून डोळे भरले. थोडं कामाचं लिहितो, कारण चांगल्या मनाने केलेल्या गोष्टीचा पुढे घोळ झालेला मी पाहिला आहे.

पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका, थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. संस्थेला ८०जी नोंदणी असेल तर देणाऱ्याला करात वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीतच, आणि रोख दिले तर दोन हजारांच्या वर मिळत नाही. होडी, डिझेल, निरीक्षक, परवानग्या यांचा खर्च देणग्यांतून करू नका. तो स्वतः करा किंवा त्यासाठी वेगळे पैसे मागा आणि तसं आधी स्पष्ट सांगा. माझ्या मते हे कायद्यापेक्षा विश्वासासाठी जास्त गरजेचं आहे.

डोंबिवलीहून, आई

मला स्वतःला पोहता येत नाही. लिहितेय मुलाबद्दल. तो चौदा वर्षांचा आहे, स्वमग्न आहे.

१७ फेब्रुवारी २०२१ रोजी जिया राय वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवेपर्यंत ३६ किलोमीटर पोहली, ८ तास ४० मिनिटांत. तेव्हा ती बारा वर्षांची होती, स्वतः स्वमग्न, आणि हे पोहणं तिने ऑटिझमबद्दल लोकांना कळावं म्हणून केलं. पुढे २०२२ मध्ये पाल्कची सामुद्रधुनी, २०२४ मध्ये इंग्लिश खाडी. त्या फेब्रुवारीत आमच्या घरी एक वेगळीच गोष्ट घडली. माझ्या सासरच्या लोकांनी पहिल्यांदा 'ऑटिझम' हा शब्द तोंडाने उच्चारला. तोवर 'त्याचं ते' असंच म्हणायचे.

मुलगा तलावात पोहायचाच. पाण्यात तो शांत असतो. गेल्या डिसेंबरात आम्ही त्याच्या शाळेतल्या झोपाळ्यांच्या खोलीसाठी मालवणला, चिवल्याच्या किनाऱ्याला समांतर दीड किलोमीटर पोहायचं ठरवलं. त्याचे सर शेजारून पोहणार, सोबत एक होडी. टोपी कानावरून गेलेली त्याला चालत नाही, म्हणून कान उघडे. अर्ध्यावर तो थांबला. कानांवर हात घेऊन नुसता तरंगत राहिला. मी किनाऱ्यावरून बघत होते, हातपाय गार पडले. सरांनी काहीतरी खूण केली, होडी लांब गेली, आणि तो परत पोहायला लागला. इंजिनाचा आवाज सहन होत नव्हता, हे नंतर कळलं. आम्ही सगळ्याचा विचार केला होता, इंजिनाचा केला नव्हता.

पैसे मागायचं काम माझ्या दिरांनी केलं. न सांगता. त्यांच्या ऑफिसातल्या प्रत्येकाला, "माझा पुतण्या स्वमग्न आहे, तो समुद्रात पोहणार आहे," असं सांगून. त्या वाक्याचं मोल मला पैशांत नाही मांडता येणार. येत्या डिसेंबरात परत जाणार आहोत.

नाशिकहून

एक प्रामाणिक प्रश्न. पैसे द्यायचेच असतील तर सरळ द्यावेत ना? पोहायचं कशाला?

धागाकर्ती

मलाही हा प्रश्न पडायचा. उत्तर एवढंच देऊ शकते की काकूंकडे मी नुसती पावतीपुस्तक घेऊन गेले असते, तर त्यांनी कदाचित शंभर रुपये दिले असते आणि दार लावलं असतं. मी स्वतः काही सोसणार आहे हे कळल्यावर त्यांनी त्यांचं सोसलेलं सांगितलं.

इंग्लंडमधल्या रीडिंगहून

वरच्या उत्तराशी शंभर टक्के सहमत.

सासूबाई शेवटचे एकोणीस दिवस इथल्या एका हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेत होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. रात्रपाळीच्या एका नर्सने मला फोन करून चार शब्द विचारून घेतले आणि खाटेजवळच्या फळ्यावर तिच्या लिपीत लिहून ठेवले : पाणी, दुखतंय, कूस, पुरे. 'कूस' तिने स्वतःहून मागितला होता, दर दोन तासांनी कूस बदलायची असते म्हणून. त्या हॉस्पिसचा बराचसा खर्च देणग्यांवर चालतो, हे आम्हाला नंतर कळलं.

आम्ही सहा जणांनी मिळून डोव्हरहून फ्रान्सपर्यंत इंग्लिश खाडी पोहायचं ठरवलं. सरळ अंतर सुमारे ३३ किलोमीटर, पण भरती-ओहोटी आडवी ओढते, त्यामुळे प्रत्यक्षात कितीतरी जास्त होतं. प्रत्येकाने एक तास पोहायचं, मग पुढचा, ठरलेला क्रम शेवटपर्यंत बदलायचा नाही. एकाने जरी पाण्यात उतरायला नकार दिला तरी सगळ्यांचं संपलं. अंगात साधा पोहण्याचा पोशाख, टोपी, गॉगल. ऊब देणारा सूट चालत नाही. आधी १६ अंश किंवा त्याहून गार पाण्यात सलग दोन तास काढून दाखवावे लागतात. एकट्याने पोहणाऱ्याला सहा तास. मी सोलापूरची. पहिल्या दिवशी चौदा मिनिटांत बाहेर आले. दोन तासांपर्यंत पोचायला अख्खा उन्हाळा गेला.

माझी दुसरी पाळी रात्री दोनला होती. होडीवर तीन वेळा उलटी झालेली, पाठीवर हिरवा दिवा, खाली नुसता काळोख. तो तास मी त्या चार शब्दांवर काढला. उजवा हात पाणी, डावा हात दुखतंय, उजवा कूस, डावा पुरे. दुसरं काही डोक्यात येऊच दिलं नाही.

किनाऱ्याला आमच्यातला सर्वांत लहान मुलगा लागला. येताना त्याने सहा गोटे आणले, प्रत्येकाला एक. माझा मी त्या नर्सला दिला. इथे गिफ्ट एड म्हणून सोय आहे, करदात्याने एक पौंड दिला की सरकारकडून संस्थेला आणखी २५ पेन्स मिळतात. ऑफिसातल्या लोकांना मी ते चार शब्द शिकवले होते. अजूनही कुणी कॉफी ओतताना 'पुरे' म्हणतं.

मालवणहून

मी पोहणारा नाही. वडलांची होडी आहे, तांडेल आहेत. होडीवर कोण होतं तेही लिहा म्हटलंत, म्हणून लिहितो.

कुणासाठी तरी पोहणारा आला की बाबा फक्त डिझेलचे पैसे घेतात. त्यांचं लक्ष पोहणाऱ्याच्या हातांवर असतं. हात वाकडा पडायला लागला की विचारतात, "नाव काय तुजा? घराकडचो नंबर सांग." जीभ अडखळली की पुढे जाऊ देत नाहीत, मग समोरचा कितीही हातापाया पडो. झार, म्हणजे जेलीफिश, दिसली तर आधी होडी पुढे घालतात. एकदा एक बाई किनाऱ्यापासून अगदी थोडक्यात राहिल्या, बाबांनी ओढून वर घेतलं. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. आता दर दिवाळीला फोन येतो.

डोंबिवलीहून, आई

गेल्या डिसेंबरात चिवल्याला कान उघडे ठेवून पोहणारा एक मुलगा तुमच्या बाबांना आठवतो का? होडी निळी होती, पुढच्या टोकाला झेंडूची माळ.

मालवणहून

आमचीच होडी. बाबांना आत्ता विचारलं. म्हणाले, त्या झिलाक सांग, औंदा इंजिन बंद ठेवतंय, वल्ह्यान येतंय.