विक्री प्रतिनिधीला कंपनीविषयी निष्ठा वाटते का?

कृष्णाकाठ:
मी अकरा वर्षे सांगली हेडक्वार्टरला औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून काम करतो आहे आणि ही माझी तिसरी कंपनी आहे. परवा एका नव्या मुलाच्या मुलाखतीत साहेबांनी त्याला विचारले, ‘कंपनीशी एकनिष्ठ राहशील ना?’ त्याने ताबडतोब होकार दिला. मी मात्र तेव्हापासून अस्वस्थ आहे, कारण हाच प्रश्न मला विचारला असता तर मी काय उत्तर दिले असते, हे मला ठरवता येत नाही. टार्गेट आणि इन्सेन्टिव्हवर चालणाऱ्या या नोकरीत आपल्याला खरोखर निष्ठा वाटते का?

जुना एमआर:
मला वाटत होती. पहिल्या कंपनीत मी केमिस्टला एक्स्पायरीचा माल परत घेण्याचा शब्द द्यायचो आणि कंपनी तो बिनतक्रार पाळायची, त्यामुळे त्या कंपनीविषयी कुणी वाईट बोलले तर मला स्वतःला लागायचे. दुसऱ्या कंपनीत मार्चच्या क्लोजिंगला एरिया मॅनेजरांनी सांगितले की सेकंडरी सेलचे (स्टॉकिस्टने, म्हणजे घाऊक विक्रेत्याने, केमिस्टना केलेल्या विक्रीचे) नंतर बघू, आधी माल उचलायला लाव. मिरजेच्या एका स्टॉकिस्टने केवळ माझ्या शब्दावर सिरपचे चाळीस बॉक्स घेतले. ते खपले नाहीत, मुदत संपली आणि त्या मालाचे पैसे खात्यात वळते करणारी कंपनीची क्रेडिट नोट आठ महिने अडकून राहिली. ते गृहस्थ मला एक शब्दही वाकडे बोलले नाहीत. फक्त पुढच्या वेळी दुकानात गेलो तेव्हा त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला नाही. त्याच महिन्यात मी राजीनामा दिला.

युनियनवाला:
आपल्याला लेखी नेमणूकपत्र मिळावे आणि कामाच्या दर अकरा दिवसांमागे एक पगारी रजा मिळावी, यासाठी १९७६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. औद्योगिक विवाद कायद्याच्या मूळ व्याख्येनुसार औषध प्रतिनिधी ‘कामगार’ ठरत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली म्हटले. त्या कायद्याचे संरक्षण आपल्याला मिळाले तेही १९७६ च्या कायद्यामुळेच. हा इतिहास माहीत असलेल्या माणसाकडून मुलाखतीतच निष्ठेची हमी मागणे मला अन्यायाचे वाटते.

वऱ्हाडी:
माझी निष्ठा औषधावर आणि डॉक्टरांच्या विश्वासावर आहे. कंपनी बदलल्यावर त्याच डॉक्टरांसमोर त्याच घटकाचा दुसरा ब्रँड घेऊन उभे राहावे लागते, तेव्हा जुन्या गोळीविषयी वावगे बोलायचे नाही, हा नियम मी आजवर मोडलेला नाही. काल जिची शिफारस केली तिला आज नावे ठेवली, तर डॉक्टरांनी माझ्या कोणत्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा?

कृष्णाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. मिरजेच्या दुकानातील चहाचा प्रसंग वाचून मी आज आमच्या तीनही स्टॉकिस्टकडे पडून असलेल्या एक्स्पायरीची यादी केली आणि साहेबांना पाठवली. त्या मुलाला माझ्यासोबत फिरायला पाठवण्यापूर्वी या क्रेडिट नोटा निघाव्यात, अशी विनंतीही त्याच पत्रात लिहिली आहे.