क्लबरूमचा गेम कन्सोल: शेवटचं विचारते

बी ३०४ वहिनी: नमस्कार. आज तिसरा रविवार. क्लबरूमच्या गेम कन्सोलचं काय ठरलं? काल माझ्या हॉलमध्ये नऊ मुलं होती. त्यातली माझी दोनच.

सेक्रेटरी: नमस्कार वहिनी 🙏 विषय कमिटीच्या विचाराधीन आहे. तीन पर्याय समोर आहेत: सोनीचा पीएस ५, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स किंवा एस, आणि निंटेंडोचा स्विच २. सभासदांनी आपापली मतं कळवावीत.

बी ३०४ वहिनी: मतं मागच्या महिन्यातच कळवलीत सगळ्यांनी. जरा वर जाऊन बघा.

बी १०१: वर म्हणजे टेरेसवर? लिफ्ट चालू झाली का?

सेक्रेटरी: लिफ्टचा विषय लिफ्टच्या ग्रुपवर 🙏

बी १०१: तिथून मला काढलंय.

आप्पा (सी २०१): माझं म्हणणं पुन्हा मांडतो. चकतीचा ड्राइव्ह असलेलंच यंत्र घ्यावे. चकती कपाटात ठेवता येते, वहीत नोंद करून देता येते, परत मागता येते. डाउनलोड केलेला खेळ कपाटात दिसत नाही.

बंटी (सी ४०२): आप्पा, डिस्क म्हणा हो 😄 आणि डिस्कचा जमाना गेला. सरळ सिरीज एक्स घ्या. १२ टेराफ्लॉप्स, म्हणजे चित्रं काढायची ताकद. पीएस ५ चे १०.२८. विषय संपला.

ए ५०१: विषय संपलाच असेल तर टीव्ही कोणता आहे तेही सांग. क्लबरूमचा टीव्ही फुल एचडी आहे. त्याच्यावर तुझे टेराफ्लॉप्स कुणाला दिसणार?

बंटी (सी ४०२): मग टीव्हीपण बदलू.

खजिनदार नाना: नाही.

ए ५०१: त्या टीव्हीला सिरीज एसपण पुरतो. ४ टेराफ्लॉप्स, १४४०पी, म्हणजे फुल एचडीच्या जरा वरचं चित्र, डोळ्यांसमोर ठेवूनच बनवलाय. लहानसा डबा, आवाज नाही.

आप्पा (सी २०१): त्याला चकतीचा ड्राइव्ह आहे का?

बंटी (सी ४०२): नाही.

आप्पा (सी २०१): मग माझं म्हणणं पुन्हा मांडतो. चकतीचा ड्राइव्ह असलेलंच यंत्र घ्यावे. चकती कपाटात ठेवता येते, वहीत नोंद करून देता येते, परत मागता येते. डाउनलोड केलेला खेळ कपाटात दिसत नाही.

ए २०३ मॅडम: मला कुणी विचारलं नाही तरी सांगते. हे मुळात हवंय कशाला? टेबल टेनिसचं टेबल आहे की. त्याच्यावर आज खुर्च्या रचून ठेवल्यात.

बी ३०४ वहिनी: मॅडम, तुमचा मुलगा कालच्या नऊ जणांत होता.

ए २०३ मॅडम: तो अभ्यासाला म्हणून गेला होता.

बी ३०४ वहिनी: हो का. चांगला अभ्यास झाला त्याचा. तीन रेस जिंकला. आमच्या कंट्रोलरची डावी स्टिक तेव्हापासून आपोआप डावीकडे सरकतेय. कुणी केलं ते मी म्हणत नाही.

ए २०३ मॅडम: नाव न घेता बोलायची ही पद्धत छान आहे.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको 🙏 विषय कन्सोलचा आहे.

बी १०१: स्टिक वैयक्तिकच होती हो, म्हणून तर वहिनी चिडल्यात.

बंटी (सी ४०२): वापराने स्टिकच्या आतला सेन्सर झिजतो, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. कुणा एकाची चूक नसते. क्लबरूममध्ये तर होणारच. तेव्हा कन्सोल कोणताही घ्या, कंट्रोलरचं बजेट आधीपासून धरा.

खजिनदार नाना: किती कंट्रोलर?

बंटी (सी ४०२): पीएस ५ किंवा एक्सबॉक्सच्या खोक्यात एकच येतो. चार जणांना खेळायचं तर आणखी तीन.

खजिनदार नाना: हे मागच्या मीटिंगमध्ये कुणी बोललं नव्हतं.

बंटी (सी ४०२): तुम्ही विचारलंच नव्हतं.

सी ४०२ (बंटीचे बाबा): बंटी, नीट बोल. नाना, सॉरी. आमच्याकडे एक्सबॉक्स वनचे दोन जुने कंट्रोलर पडलेत. ते सिरीज एक्सला आणि एसला जसेच्या तसे चालतात. सोसायटीला देऊन टाकतो.

खजिनदार नाना: आभार 🙏 पीएस ४ चे कुणाकडे असतील तर?

बंटी (सी ४०२): ते पीएस ५ वर फक्त पीएस ४ च्या गेमना चालतात. पीएस ५ च्या गेमला नाही.

बी १०१: म्हणजे बंटीच्या घरात एक्सबॉक्सचे कंट्रोलर आणि बंटीचं मत एक्सबॉक्सला. योगायोग.

ए ५०१: आता माझं ऐका. कंट्रोलरचाच प्रश्न असेल तर स्विच २. दोन जॉय-कॉन, म्हणजे त्याचे छोटे कंट्रोलर, बरोबरच येतात, प्रत्येकाने एकेक आडवा धरायचा, दोन जण पहिल्या दिवशी सुरू. मारियो कार्ट वर्ल्डमध्ये एका टीव्हीवर चार जण खेळतात. क्लबरूममध्ये सहा वर्षांचीही मुलं येतात. त्यांना काय दाखवणार, बंदुका?

सी १०४ ताई: त्याच्या गेमची ती छोटी कार्डं असतात ना? आमचा धाकटा सगळं तोंडात घालतो.

ए ५०१: ताई, त्याची सोय आहे. कार्डावर डेनाटोनियम बेंझोएट नावाचा भयंकर कडू पदार्थ लावलेला असतो. मूल तोंडात घालून लगेच थुंकतं.

बी १०१: तुम्हाला कसं माहीत?

ए ५०१: वाचलं.

बी १०१: नुसतं वाचलं?

ए ५०१: (हा मेसेज डिलीट केला आहे)

बी १०१: मी वाचला 😂

खजिनदार नाना: आमच्या वेळी गेमची कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची. चालायची.

बंटी (सी ४०२): नाना, निंटेंडोनेच सांगितलंय की फुंकू नका, ओलावा जातो. बाहेर काढून परत घातल्यामुळे चालायची, फुंकरीने नाही.

खजिनदार नाना: तू तेव्हा जन्मला नव्हतास.

सी ४०२ (बंटीचे बाबा): स्विच २ ला माझा विरोध आहे, आणि कारण साधं आहे. तो डॉकमधून, म्हणजे टीव्हीला जोडायच्या स्टँडमधून, काढला की टॅबलेटएवढा होतो. ७.९ इंची स्क्रीन. टेबल टेनिसचे चेंडू तीन दिवसांत गेले. बॅट गेल्या. हा कितव्या दिवशी जाईल?

ए ५०१: चेंडू कुणाच्या गॅलरीत सापडले ते सगळ्यांना माहीत आहे.

सी ४०२ (बंटीचे बाबा): वाऱ्याने आले होते.

बी १०१: बॅटपण?

सेक्रेटरी: कृपया 🙏🙏

आप्पा (सी २०१): ए ५०१ ना एक विचारतो. त्या कार्डात अख्खा खेळ असतो, की तिथेही डाउनलोडच?

ए ५०१: आप्पा, प्रश्न बरोबर विचारलात. काही कार्डांत अख्खा असतो. काही नुसती 'गेम-की कार्डं' असतात, त्यांच्यात खेळ नसतोच. कार्ड घातलं की खेळ इंटरनेटवरून उतरतो, आणि नंतरही खेळताना कार्ड आत लागतंच. पण कार्ड दुसऱ्याला देता येतं.

आप्पा (सी २०१): म्हणजे पुस्तकाचं मुखपृष्ठ द्यायचं आणि आतली पानं ज्याने त्याने आणायची.

बंटी (सी ४०२): आप्पा, तुमच्या डिस्कचंही फार वेगळं नाही. डिस्क घातली तरी खेळ कन्सोलच्या आतल्या साठवणीवर (एसएसडीवर) कॉपी होतो, वर अपडेट उतरतात. कॉल ऑफ ड्यूटीसारखा एकच गेम शंभर जीबीच्या वर जातो. क्लबरूमच्या वायफायवर साधा फोटो उघडत नाही.

आप्पा (सी २०१): पण चकती नसेल तर खेळ चालतो का?

बंटी (सी ४०२): डिस्कवरून घातलेला? नाही. खेळताना डिस्क आत लागते.

आप्पा (सी २०१): मग चकती ज्याच्या हातात, खेळ त्याचा. मी २९ वर्षं ग्रंथालयात काढली. माझं म्हणणं पुन्हा मांडतो. चकतीचा ड्राइव्ह असलेलंच यंत्र घ्यावे. चकती कपाटात ठेवता येते, वहीत नोंद करून

आप्पा (सी २०१): देता येते. चुकून अर्धंच गेलं.

बंटी (सी ४०२): गेम पास घेतला तर कपाटच नको. महिन्याचं वर्गणीचं काम, शेकडो गेम. म्हणून एक्सबॉक्स म्हणतोय.

खजिनदार नाना: दर महिन्याला? कायम?

बंटी (सी ४०२): हो. बंद केलं की गेम बंद.

खजिनदार नाना: आणि ती वर्गणी वाढणार नाही याची खात्री?

ए ५०१: २०२५ च्या ऑक्टोबरमध्येच गेम पासच्या वरच्या प्लॅनची, अल्टिमेटची, वर्गणी वाढवली. शिवाय आता एक्सबॉक्सच्याच गेम पीएस ५ वर येतात. फोर्झा होरायझन ५ आली २०२५ च्या एप्रिलमध्ये. मग एक्सबॉक्सच कशाला?

बंटी (सी ४०२): जुन्या गेमसाठी! सिरीज एक्सवर एक्सबॉक्स ३६० च्या, अगदी पहिल्या एक्सबॉक्सच्याही कितीतरी गेम चालतात.

बी ३०४ वहिनी: बंटी, तुला जुन्या गेम खेळायच्यात. मला माझा हॉल परत हवाय.

ए २०३ मॅडम: आणि ती जीटीए वगैरे कुणी लावली तर? १८ वर्षांवरची आहे ना ती?

बंटी (सी ४०२): तिन्हींत पॅरेंटल कंट्रोल आहे. वयाची मर्यादा लावता येते, पिन ठेवता येतो.

ए २०३ मॅडम: पिन कुणाकडे?

बंटी (सी ४०२): ज्याचं खातं त्याच्याकडे. मी माझं लावू शकतो.

बी ३०४ वहिनी: आणि डाउनलोडचे गेमही मग तुझ्याच खात्यावर?

बंटी (सी ४०२): हो, पण त्या कन्सोलवर बाकीच्यांना खेळता येतात. तशी सेटिंग असते.

बी ३०४ वहिनी: आणि पुढच्या वर्षी तू शिकायला बाहेर गेलास, तिथे स्वतःचा कन्सोल घेतलास, की ती सेटिंग तिकडे नेशील. सोसायटीच्या पैशांचे गेम तुझ्या हॉस्टेलमध्ये.

सी ४०२ (बंटीचे बाबा): वहिनी, हे जरा जास्त होतंय.

बी ३०४ वहिनी: मी बंटीबद्दल नाही बोलत. खात्याबद्दल बोलतेय.

सेक्रेटरी: सोसायटीच्या ईमेलवर खातं उघडता येईल. पासवर्ड कमिटीकडे राहील.

बी १०१: कॅमेऱ्याचा पासवर्ड कमिटीकडेच होता ना? तो सापडला का?

सेक्रेटरी: प्रक्रिया चालू आहे 🙏

आप्पा (सी २०१): चकतीला पासवर्ड नसतो.

खजिनदार नाना: आप्पांचं मला पटायला लागलंय. कुणाकुणाच्या घरी डिस्क आहेत? नुसतं घर नंबर लिहा, भाषण नको.

ए १०२: पीएस ५, सहा डिस्क. खेळून झाल्यात, देईन.

बी ४०३: पीएस ५ आणि पीएस ४ मिळून अकरा.

सी ३०१: पीएस ४, सात. पीएस ५ वर चालतील ना?

बंटी (सी ४०२): जवळपास सगळ्या चालतात.

सी ४०२ (बंटीचे बाबा): एक्सबॉक्स वन, चार.

ए ५०१: स्विच, पाच कार्डं. यातली दोन चाटलेली नाहीत.

बी १०१: 😂😂😂

खजिनदार नाना: म्हणजे चोवीस डिस्क पीएसच्या, फुकट. मग पीएस ५, ड्राइव्हवाला. त्याचं वरचं 'प्रो' मॉडेल नको.

बंटी (सी ४०२): प्रोला तसाही ड्राइव्ह नसतो, वेगळा घ्यावा लागतो. आणि ड्राइव्ह नंतर जोडायचा असला तर पहिल्यांदा इंटरनेट लागतं. तेव्हा ड्राइव्ह लावून आलेलाच घ्या. माझा विरोध नोंदवून ठेवा.

आप्पा (सी २०१): वहीत नोंदवतो.

ए ५०१: आणि सहा वर्षांच्या मुलांचं काय?

बी ४०३: ॲस्ट्रोज प्लेरूम पीएस ५ मध्ये आधीच भरलेली असते, छोट्यांना जमते. एकट्याची आहे पण, आळीपाळीने खेळावी लागेल.

ए ५०१: आळीपाळीने. नऊ मुलांनी. शुभेच्छा.

सेक्रेटरी: पोल टाकतो आहे. रात्री नऊपर्यंत मत द्यावे. एका फ्लॅटचे एकच मत 🙏

सेक्रेटरी: निकाल: पीएस ५ ला ११, स्विच २ ला ९, एक्सबॉक्सला २, काहीच नको ३.

बी १०१: एक्सबॉक्सला दोन? सी ४०२ मधून दोघांनी दिली का?

सी ४०२ (बंटीचे बाबा): दुसरं माझं नाही. मी स्विचला दिलं.

बंटी (सी ४०२): बाबा???

ए ५०१: काल तर चोरीला जाईल म्हणत होतात.

सेक्रेटरी: एका फ्लॅटची दोन मतं आढळल्याने निकाल पुढील मीटिंगमध्ये तपासला जाईल 🙏

बी ३०४ वहिनी: पुढील मीटिंग कधी?

सेक्रेटरी: लवकरच कळवण्यात येईल.

आप्पा (सी २०१): माझं म्हणणं पुन्हा

ए २०३ मॅडम: वहिनी मी आहे आईच्या फोनवरून. आज येऊ का? मी दुसरा कंट्रोलर घेईन, डावी स्टिकवाला मला चालेल.

बी ३०४ वहिनी: पाचनंतर ये. चपला ओळीत.