मदत हवी आहे: नाचणीचा ब्रेड आतून चिकट राहतोय

मंडळी, घरी ब्रेडचे प्रयोग चालू आहेत. मैद्याचा लादीपाव, फोकाचा (इटालियन चपटा ब्रेड) छान जमतात. अडलंय ते नाचणीपाशी. प्रमाण असं: चक्कीची कणीक 350 ग्रॅम, नाचणीचं पीठ 150, पाणी 360, मीठ 10, इन्स्टंट यीस्ट 5.

नाचणीत ग्लुटेन (कणकेला ताण देणारं, ब्रेड फुगवून धरणारं गव्हातलं प्रथिन) नसतं, त्यामुळे ब्रेड थोडा बसका होणार हे मान्यच. पण ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) 200 अंशांवर 40 मिनिटं भाजून, वरचं कवच खरपूस होऊनही, पूर्ण गार झाल्यावर कापला तरी सुरीला लगदा चिकटतो. नाचणीची आधी उकड काढून घालावी का? की पाणीच कमी करू? पीठ बांधून राहावं म्हणून इसबगोल घालून कुणी केलाय का, किती घातलं? सासऱ्यांना मैदा वर्ज्य आहे, म्हणून हाच ब्रेड जमवायचाय.