एक्स-रे नॉर्मल, तरी लंगडणं थांबत नाही

एक्स-रे नॉर्मल आला तरी तुमचा लॅब्रॅडॉर दोन महिने मागच्या पायाने लंगडतोय, म्हणजे गुडघ्याचं क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी आतून जोडणारा पट्टा, तपासून घ्याच. ते एक्स-रेत दिसत नाही. मांडीचं हाड घट्ट धरून नडगी पुढे सरकते का, हे डॉक्टर हाताने बघतात. कुत्रा अंग ताठ करत असेल तर भूल द्यावी लागते. आमच्या राणीचे तीन महिने नुसत्या वेदनाशामकांत गेले, फार वाईट वाटतं अजून.

रक्तही तपासा. गोचीड तापातही सांधे दुखतात, पण तेव्हा बरेचदा आज हा पाय, उद्या तो असं होतं.

तोवर जिना बंद, गुळगुळीत फरशीवर सतरंजी, वजन कमी. आणि घरातली आयब्युप्रोफेन, म्हणजे माणसांची वेदनाशामक गोळी, कृपा करून देऊ नका, कुत्र्यांना ती विषारी असते.