मदत हवी आहे: झॅनाथर घेऊ की ताशा?
मंडळी, दर रविवारी दादरला आमच्याकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे पात्रं घेऊन गोष्ट रंगवायच्या खेळाचा, डाव बसतो. डंजन मास्टर (गोष्ट आणि संकटं मांडणारी व्यक्ती) मीच. मूळ नियमांचं पुस्तक, प्लेयर्स हँडबुक, २०१४ चं आहे. आता एकच पुरवणी पुस्तक परवडेल: ‘झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग’ किंवा ‘ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’.

२०१७ च्या झॅनाथरमध्ये जंगल, वाळवंट, समुद्र अशा प्रदेशांनुसार अचानक समोर येणाऱ्या संकटांचे तक्ते आहेत, सापळेही. माझी तयारी लोकलमध्ये उभ्यानेच होते, तेव्हा तक्ते म्हणजे देवच पावला! २०२० च्या ताशामध्ये कोडी आणि साइडकिकचे (मदतनीस पात्रांचे) नियम. मेगाब्लॉकमुळे भिडू कमी पडले की कामाचे. सबक्लास (पात्राच्या पेशाचे उपप्रकार) दोन्हींत आहेत, त्याचीच खरं तर धास्ती वाटते. आमची मंडळी लगेच पात्रं बदलायला बसतील.

दोन्ही वापरलेल्यांनी सांगा, सहा महिन्यांनीही तुम्ही कुठलं उघडता?